चौदा शेरांची ढेप

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढली नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. देवापुढं दिवा लावतानाही नाही. तिथं तर मी मुद्दाम मोठ्यानं आरती म्हणत आले, मधल्या शांततेत तोंडातून काही निसटायला नको म्हणून. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसाला असलं काही सांगितलं, की उद्या त्याच्या दारावरून जायची चोरी होते.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही — यात कुणी मेलं नाही. माझा गजू आहे, धडधाकट आहे, दोन लेकरांचा बाप आहे. पण कुणी मेलं नाही म्हणजे काही झालंच नाही, असं असतं का? मी बरीच वर्षं तसंच धरून चालले होते.

गजूच्या आधी माझी दोन लेकरं गेली. एक सव्वा महिन्याचं, एक पाचव्या दिवशी. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी रहमतबी मला म्हणाली, मंगरूळच्या पिराला बोल. तिच्या घरी कापूस पिंजायचं काम चालायचं, तिचे केस नेहमी पांढरे धुळकट असायचे, अन् तिच्या शब्दावर माझा स्वतःपेक्षा जास्त विश्वास. मी दर्ग्यात जाऊन पदर पसरला — लेकरू जगलं तर जावळाच्या दिवशी त्याच्या भाराचा गूळ वाटीन.

बोलले मी, पण आमच्याकडं जावळ काढताना लेकरू बसतं मामाच्या मांडीवर, अन् असा नवस असला तर तराजूतला गूळही मामाच आणतो. म्हणजे नवस माझा अन् ओझं माझ्या भावाच्या डोक्यावर. त्याला मी विचारलं होतं का? नाही. घाबरलेली बाई देवाला बोलताना माहेरच्या कोठीत किती आहे ते बघत नाही.

दादा रिठदला. थोडी जमीन, एक विहीर, मोट चालेल तेवढ्यात चार वाफे ऊस. नवस ऐकून तो हसला अन् म्हणाला, होऊ दे. वहिनी हसली नाही. पुढच्या दिवाळीला माहेरी गेले होते तेव्हा ती चुलीशी बसून शेजारणीला सांगत होती, "नवस त्यायचा, अन् गूळ आमचा." मी दाराआड उभी होते. ते वाक्य मी बरोबर घेऊन आले अन् रोज उजळणी करत राहिले.

आणि गजू खायला लागला.

कसं सांगू तुम्हाला? दुसरं वर्ष सरलं नव्हतं, अन् ज्वारीची पाऊण भाकर दुधात कुस्करून द्यावी तर वाटी चाटून पुन्हा हात पुढं. वरण-भात झाला की गल्लीत निघायचा. कुणाकडं उकडलेल्या शेंगा, कुणाकडं घुगऱ्या, रहमतबीकडं तर त्याची वेगळी थाळीच होती. ती तव्यावरून रोटी काढायची अन् हा उंबऱ्यावर बसून टाळ्या पिटायचा. घरी येऊन पुन्हा म्हणायचा, "माय, भाकल." गल्लीनं त्याचं नाव पाडलं होतं पाटील, कारण कुठंही गेला की पाहुणचार वसूल करूनच उठायचा.

सासूबाईंचं दोन्हीकडून चालायचं. लोण्याचा गोळा त्याच्या तोंडात त्याच घालायच्या, अन् त्याचं पोट टम्म दिसलं की कपाळाला हात लावून त्याच बसायच्या. "एवढं खाऊन राह्यलं पोट्टं, पचन कसं? अजीर्ण झालं म्हंजे?" मग मीठ-मिरच्या उतरवून टाकायच्या. तासाभरानं पुन्हा लोणी. त्यांचं ते बघून मला हसू यायचं, पण खरं सांगायचं तर त्याला खाताना बघून माझं मन भरायचं. दोन रिकामे पाळणे बघितलेल्या बाईला खाणारं लेकरू म्हणजे काय, हे मी कुणाला समजावत बसत नाही.

तेव्हा वऱ्हाड अजून नागपूरच्या राज्यात होता. किलो कुणी ऐकला नव्हता, शेर-पायलीचा हिशोब चालायचा. माघात दादाचा निरोप आला. रिठदचा एक माणूस बैल बघायला शेलूबाजारला आला होता, तो आमच्या गावापर्यंत दोन कोस चालत येऊन सांगून गेला — गुऱ्हाळ झालं, या वर्षी पाणी कमी पडलं, अर्धा ऊस वाळला, तरी एक ढेप भाच्याच्या नावानं काढून ठेवली आहे. चौदा शेरांची. पुरेल ना, असं दादानं विचारलं होतं.

मी म्हणाले, पुरेल. न मोजता, न विचार करता. सासूबाई समोर बसल्या होत्या, दुसरं काय म्हणणार होते?

फाल्गुनात सासूबाईंचा धीर सुटला. गजूनं एका बसणीत इतकं खाल्लं की पोटावर हात वाजवला तर आवाज यायचा. शेलूच्या बाजारात एक म्हातारा वैद्य औषधांची पेटी घेऊन झाडाखाली बसायचा. फिरता माणूस, या बाजारी इथं, त्या बाजारी आणखी कुठं. सासूबाई म्हणाल्या, "जाय, दाखवून ये. किती खाऊ घालावं ते इचार त्याले." मी गजूला कडेवर घेऊन एकटीच गेले.

वैद्यानं जीभ बघितली, पोट दाबलं, डोळ्याची पापणी खाली ओढली. गजूनं त्याच्या पेटीतला ज्येष्ठमधाचा तुकडा उचलून तोंडात टाकला. म्हातारा खूश. म्हणाला, "बाई, याले काई झालं नाई. वाढीचं लेकरू हाय, खाऊ दे. मांगन तेवढं दे. नशीबवान हायेस." औषधसुद्धा दिलं नाही.

मी आनंदानं निघाले. इथं, इथपर्यंत माझ्या मनात काही पाप नव्हतं, हे तुम्ही लिहून घ्या, कारण यापुढं मला असं म्हणता येणार नाही.

बाजाराच्या टोकाला धान्याचा मापारी मोठा तराजू टांगून बसला होता. गजू त्या पारड्याकडं झेपावला. मापारी थट्टेखोर, त्यानं त्याला उचलून पारड्यात ठेवला अन् दुसरीकडं मापं टाकली. एक टाकलं, दोन टाकली, अजून टाकली. मग ओरडला, "साडेचौदा शेर! बाई, हे लेकरू हाय का पोतं?" सगळे हसले. मीही हसले.

अन् हसता हसता मी मनात हिशोब करायला लागले.

साडेचौदा. जावळ वैशाखात, अजून अडीच महिने. हा असाच खात राहिला तर पंधराच्या वर जाणार. पारड्यात दादाची ढेप ठेवणार, समोर माझं सासर, गल्ली, पाहुणे. ढेप वर लटकणार अन् पोरगं खाली बसणार. मग सासरचं कुणीतरी उठून आपल्या घरचा गूळ त्यात टाकणार. वाईट कुणीच बोलणार नाही. फक्त जन्मभर, हसत हसत, मामाचा गूळ कमी पडला म्हणतील. दादाची मान खाली जाईल, वहिनीची वर. दोन कोसांच्या वाटेवर मी हेच एक बघत चालले होते. कडेवर गजू ज्येष्ठमध चोखत होता.

दादाला कळवता आलं असतं? आलं असतं. सासूबाईंना सरळ सांगता आलं असतं? त्या काय मला खाणार होत्या? नवऱ्याला? तो भला माणूस, म्हणाला असता, घाल की आपल्या घरचा शेरभर. तीन दरवाजे उघडे होते. मी चौथी भिंत फोडली.

सासूबाई ओट्यावरच होत्या. "काय म्हने वैद्य?"

मी म्हणाले, "लई खाते म्हनत होता. असंच खात राह्यलं तं आतडी फुटतीन. निम्मंच द्या म्हने. मांगलं तरी देऊ नोका."

एवढंच. एक घोट पाणी प्यायला लागतो तेवढ्या वेळात झालं. सासूबाईंचा चेहरा उतरला, अन् त्यांनी गजूला ओढून छातीशी धरला. "म्याच मारलं असतं याले लोनी चारून चारून," म्हणाल्या अन् रडल्या. त्या रडत होत्या अन् मी त्यांच्या शेजारी उभी राहून डोक्यावरचा पदर नीट करत होते.

तो वैद्य पुढं आमच्या बाजारात फिरकला नाही, नाहीतर कधीतरी फुटलं असतं. मी त्याच्या न येण्यावर जगले.

दुसऱ्या दिवसापासून पाऊण भाकरीची पाव झाली. दुधात पाणी. संध्याकाळी ताक. गल्लीत सगळ्यांना निरोप गेला — मी द्यायचीही गरज पडली नाही, सासूबाईच दारोदार जाऊन हात जोडून आल्या. माझ्या नातवाचा जीव वाचवा, त्याला काही देऊ नका. लोकांनी ऐकलं. लोक चांगलेच होते, तेच तर वाईट झालं. गजू या दारातून त्या दारात जायचा अन् प्रत्येक दारात मायेनं नाही म्हणायचे. रहमतबी रोट्या भाजताना दार लावून घ्यायला लागली. तो बाहेरून दार वाजवायचा अन् तिला हाका मारायचा. एकदा ती माझ्याकडं आली, डोळे लाल. "बाई, वैद्यानं सांगतलं तं बराबरच सांगतलं असन. पर मले त्याचं रडनं आयकवत नाही. या खुदा, एक निवाला बी नाही?"

मी म्हणाले, एकही नाही.

गजूला समजावायचं तर त्याच्या भाषेत काय सांगावं? मी सांगितलं, जास्त खाल्लं की पोट फुटतं. फट्ट. कागदाची पिशवी फुगवून त्याच्या कानाशी फोडून दाखवली. तो दचकला, मग आपल्या पोटाकडं बघायला लागला. अडीच वर्षांचं लेकरू. दोन्ही हातांनी पोट धरून बसलं होतं. हे मी स्वतः केलं. हे सासूबाईंनी केलं नाही की वैद्यानं नाही.

पंधरा दिवसांत त्याचं मागणं कमी झालं. सासूबाई म्हणाल्या, गुण आला. महिन्यानं तो मला घराच्या मागं सापडला, भिंतीची पांढरी माती नखानं उकरून खात होता. ओठ पांढरे, दातांवर माती. मला काय वाटायला पाहिजे होतं? मला राग आला. मला वाटलं हा मला उघडं पाडतोय. मी त्याला मारलं. सासूबाई म्हणाल्या, जंत झाले असतील. मी म्हणाले, असतील.

एक सांगू? मधूनमधून मला खरंच वाटायला लागलं होतं की वैद्य तसंच म्हणाला. खोटं रोज बोललं की ते घरचंच माणूस होतं, त्याचंही ताट मांडावं लागतं. गजू कुशीत झोपलेला असताना मी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवायची अन् मनात मोजायची — आता तेरा झाला असेल, आता साडेबारा. आई होते मी. माझ्या हातांना तेवढंच सुचत होतं. मग लाज वाटून हात काढून घ्यायची, अन् सकाळी पुन्हा पावच भाकर द्यायची.

चैत्रात थांबता आलं असतं. तेव्हा तो चौदाच्या खूप खाली आलेला होता, मला कळत होतं. मी थांबले नाही. म्हटलं, काट्याचा काय भरवसा, थोडी जागा असू द्यावी.

वैशाखात मंगरूळला गेलो. आमच्या दोन गाड्या, दादाची एक. दादा दोन दिवस वाटेत होता, डोळे धुळीनं भरलेले. दर्ग्याबाहेर झाडाखाली सतरंजी टाकली. गजू मामाच्या मांडीवर बसला अन् न्हाव्यानं जावळ काढलं. केस गेल्यावर त्याची मान दिसली. तोपर्यंत ती मान केसांनी झाकलेली होती. दादा तिच्याकडं बघत राहिला अन् हळूच मला म्हणाला, "गोदे, पोट्टं बिमार होतं काय?"

"दाढा येत होत्या," मी म्हणाले. तेही खोटं.

तराजू टांगला. एका पारड्यात ढेप, एका पारड्यात नवा सदरा घातलेला गजू. अन् ढेपेचं पारडं असं खाली आदळलं की गजू वर झुलला अन् घाबरून दोरी धरून बसला. सगळीकडं हशा, टाळ्या. "मामाचा गूळ जड भरला!" काटा बरोबर यावा म्हणून ढेप दोनदा फोडावी लागली. सासूबाईंनी सगळ्यांसमोर दादाला म्हटलं, तुमचा हात मोठा आहे. दादाचं तोंड असं फुललं होतं! हेच मला हवं होतं ना? तेच झालं. अगदी मी ठरवलं होतं तसंच झालं.

मग दादा गाडीकडं गेला अन् उसाच्या पाचटात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आला. त्यात दुसरी ढेप होती. लहान, पाच-सहा शेरांची. "तुया वहिनीनं देल्ली वरून," तो म्हणाला. "तिच्या माहेराहून आनली. म्हने पोट्टं भरदार हाय, कमी नोको पडाले चारचौघात. आता काय करतो हिचं? तूच घेऊन जाय, खाईन गजू."

मला तिथंच बसावं लागलं. लोकांना वाटलं उन्हानं. रहमतबीनं पाणी आणलं, माझ्या कपाळाला लावलं. मी त्या ढेपेकडं बघत होते. कोण देऊन बसलं होतं ती? जिच्या एका वाक्याची मी दोन वर्षं उजळणी केली, तीच.

आणि तेव्हा सासूबाईंनी प्रसादाचा पहिला खडा उचलून गजूच्या ओठांशी नेला. म्हणाल्या, आज खा बाबा, आज देवाचं आहे. सगळे बघत होते. गजूनं त्या खड्याचा वास घेतला. त्याचे नाक-ओठ हलले, लाळ आली, मला दिसली. मग त्यानं दोन्ही हातांनी पोट धरलं अन् मान हलवली.

"फुतते," म्हणाला.

लोक पुन्हा हसले. केवढं शहाणं लेकरू, म्हणाले.

त्यानंतर मी त्याला खायला घालायचा किती प्रयत्न केला ते सांगत नाही. ते सांगितलं तर तुम्हाला माझी दया येईल. वैद्यानं आता चालेल म्हटलंय, असं आणखी एक खोटं रचलं. तो ऐकून घ्यायचा, अर्धी भाकर खायचा अन् उठायचा. अंगानं पुन्हा भरला, काटक झाला, शाळेत पळण्यात पहिला यायचा. आजही जेवताना बायकोनं दुसऱ्यांदा वाढायला हात पुढं केला की म्हणतो, लहानपणी मी खाऊन खाऊन मरणारच होतो, मायनं आवरलं म्हणून वाचलो. पाहुण्यांना सांगतो. अभिमानानं सांगतो.

पण हा कबुलीजबाब त्या अडीच महिन्यांचा नाही. तेवढंच असतं तर कदाचित मी तुमच्याजवळ आलेही नसते. तिथं दादा होता, वहिनीची भीती होती, अर्धवट वयाची माझी अक्कल होती. मनात त्या सगळ्यांना पुढं करून मला मागं बसता येतं.

गजू सहा वर्षांचा झाला, तोपर्यंत वऱ्हाड मुंबईला जोडला गेला होता अन् माझी कुसुम दोन वर्षांची होती. कुसुम भावावर गेली. तशीच भूक, तसाच पुढं केलेला हात. गजूचा तिच्यावर जीव. शाळेतून आला की आधी तिला पाठंगुळी घ्यायचा. एका दुपारी मी तव्यावर भाकरी टाकत होते, दोघं समोर बसलेली. कुसुमनं तिची भाकर संपवली अन् दुरडीतून दुसरी ओढली. गजूनं ती तिच्या हातातून काढून घेतली. हिसकावली नाही, एकेक बोट सोडवून काढून घेतली. ती भोकाड पसरून रडायला लागली, तर त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण भाकर त्यानं पाठीमागं धरली. दुसऱ्या हातानं तिचं पोट झाकलं.

"नोको खाऊ, बाई. पोट फुटते. तू मरशीन." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "हो ना माय? वैद्यानं सांगतलं होतं ना?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. सासूबाई शेतात, दादा रिठदला, कुठं नवस नाही, कुठं तराजू नाही. सहा वर्षांचं पोर आहे ते माझं, त्याला मी सांगितलं असतं की नाही रे, तसं काही नसतं, मी खोटं बोलले होते, तर त्यानं मला काय केलं असतं? भाकर बहिणीला दिली असती अन् स्वतःही एक घेतली असती. तो माझ्याकडं बघत होता. कुसुमही रडणं थांबवून माझ्याकडं बघत होती.

मी तव्यावरची भाकर उलटली, अन् म्हणाले, "हो."